तोंड कोणाचं, मुखवटा कोणाचा

आमच्या हौशी नाटकवाल्यांच्या कट्ट्यावर परवा एक जोरदार वाद झाला. विषय निघाला फँटम ऑफ द ऑपेरा या इंग्रजी संगीत नाटकाचा, आणि कोणीतरी सांगितलं की आता लंडनला न न्यूयॉर्कला त्यातल्या नायिकेचं, क्रिस्टीनचं, काम कृष्णवर्णीय मुलींनी पण केलंय. त्यावर आमच्यातला एक दादा, जो लाईट फार सुंदर करतो पण मतं त्याहून जास्त भडक असतात, तो म्हणाला की "हे काय पटत नाही बुवा, पॅरिसमध्ये त्या काळात अशी नायिका कुठून येणार, कलाकाराला संधी द्या ना पण गोष्टीच्या काळाशी काही प्रामाणिकपणा?" मग चहा गार झाला आणि वाद गरम राहिला. मला तिथं नीट बोलता आलं नाही कारण चौघं एकदम बोलत होते, म्हणून इथं लिहितेय. दादा वाचणार आहे हे मला माहितीय. वाच रे.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिसचं ऑपेरा हाऊस, त्याच्या तळघरात एक माणूस लपून राहतो, चेहरा जन्मापासून विद्रूप, पण संगीतात बाप. तो कोरसमधल्या क्रिस्टीन नावाच्या स्वीडिश मुलीला आडून गाणं शिकवतो, तिला वाटतं मेलेल्या वडिलांनी पाठवलेला देवदूत शिकवतोय. मग हा तिच्या प्रेमात वगैरे नाही, तिच्या मागेच लागतो. थिएटरच्या मालकांना धमकीची पत्रं, आरशामागून आवाज, तिला तळघरात पळवून नेणं, तिथं तिच्यासारखी दिसणारी लग्नाच्या ड्रेसमधली बाहुली बनवून ठेवलेली, दोन खून, आणि शेवटी तिच्या प्रियकराच्या, राऊलच्या, गळ्यात फास टाकून तिला विचारणं की बोल, माझी होतेस की ह्याला मारू. गास्तों लरू नावाच्या फ्रेंच लेखकाची मूळ कादंबरी १९१० ची, अँड्र्यू लॉईड वेबरचं म्युझिकल १९८६ ला लंडनमध्ये आलं, न्यूयॉर्कला १९८८ च्या जानेवारीत सुरू झालं ते १६ एप्रिल २०२३ ला बंद झालं, तेरा हजार नऊशे एक्क्याऐंशी प्रयोग करून. १३,९८१! आपल्याकडं एखाद्या नाटकाचे पाचशे झाले तरी पेढे वाटतात.

मी बोलतेय ते त्यातल्या एका शूट केलेल्या प्रयोगाबद्दल. नाटकाला २५ वर्षं झाली म्हणून २०११ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोजून तीन प्रयोग केले आणि ते कॅमेऱ्यानं टिपले, थिएटरांत दाखवले, डिस्क काढली. लॉकडाऊनमध्ये, १७ एप्रिल २०२० ला, तो प्रयोग यूट्यूबवर दोन दिवसांसाठी फुकट ठेवला होता आणि आपल्याकडच्या कितीतरी नाटकवेड्यांनी तेव्हाच पहिल्यांदा बघितला असणार. आमच्या घरी तेव्हा गावाकडून आलेली मोठी माय अडकून पडली होती, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आलेली, तिला सासर-माहेर सगळं आठवत होतं आणि टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, तर ती पण बसली आमच्यासोबत. तिचं मत पुढं सांगते, ते महत्त्वाचं आहे.

शूट केलेल्या नाटकाची गंमत अशी की जे प्रेक्षकाला चाळीसाव्या रांगेतून दिसायला नको तेच कॅमेरा नाकासमोर आणून ठेवतो. अल्बर्ट हॉल गोल आहे, आपल्या नाट्यगृहासारखी तिथं चौकट नाही, त्यामुळं ते जगप्रसिद्ध झुंबर तिथं खाली पडतच नाही, नुसत्या ठिणग्या उडतात (मला तर जरा फसवल्यासारखंच वाटलं). पण चेहरे! क्लोजअपमध्ये फँटमचा उघडा डोळा, घाम, गालावरचा मेकअपचा जोड, सगळं दिसतं. आणि मग तुम्ही बघायला लागता की हा माणूस आहे कोण.

हा माणूस आहे रमीन करीमलू. जन्म तेहरानचा, इराणमधून घरच्यांना निघावं लागलं, वाढला कॅनडात. शाळेत असताना टोरंटोला कॉलम विल्किन्सनचा फँटम बघितला आणि ठरवलं की आपल्याला हेच करायचं. २०११ च्या प्रयोगात शेवटी इतर फँटम स्टेजवर येऊन गातात, त्यात तो विल्किन्सन पण आहे, आणि हा पोरगा त्याच्या शेजारी फँटम म्हणून उभा आहे. हे कळल्यावर मी तो भाग परत लावला आणि रडले, लपवत नाही.

पण आता इथून गोष्ट जरा तिरपी होते. लरूच्या कादंबरीत एक मोठं पात्र आहे, नाव सुद्धा धड नाही, त्याला सगळे नुसतं पर्शियन म्हणतात. इराणमधला जुना पोलीस अधिकारी, दारोगा. फँटमला तोच ओळखतो, त्याचं मागचं सगळं त्यालाच माहिती, एकदा त्याचा जीव पण त्यानं वाचवलेला, आणि शेवटी राऊलला घेऊन तळघरात उतरतो तोही हाच. पुस्तकातला शहाणा माणूस म्हणाल तर हा एकच. म्युझिकलमध्ये तो नाही. उडवला. त्याचं थोडं काम नाचाच्या बाईंना, मादाम गिरीला दिलं आणि बाकीचं गायब. आता अडीच तासात सगळं बसत नाही हे मला पण कळतं, आम्ही एकांकिकेत चार पात्रांची दोन करतोच. पण इराणचं काय उरलं माहितीय का त्या नाटकात? पहिल्याच प्रवेशात लिलाव चालू असतो, त्यात एक जुनी वाद्याची पेटी विकायला काढतात, आणि त्या पेटीवर झांजा वाजवणारं एक माकड असतं. पर्शियन झग्यातलं माकड. बस. शहाणा दारोगा गेला आणि माकड राहिलं, आणि शेवटच्या प्रवेशात फँटम त्याच माकडापाशी बसून रडतो, आणि तो फँटम करणारा माणूस तेहरानचा.

हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं नाही म्हणूनच ते जास्त टोचतं.

आणि आपण कुठंय? आहोत ना. कादंबरीत फँटम ज्या फासानं माणसं मारतो त्याला पंजाबचा फास म्हटलंय, ती कला तो हिंदुस्थानात शिकला म्हणे. म्हणजे संगीत युरोपचं, वास्तुकला युरोपची, आणि गळा आवळणं आपलं. इराणला गेला तिथं राजवाड्यासाठी छळाच्या खोल्या बांधल्या. पूर्वेकडं जाऊन माणूस काय शिकून येतो तर क्रूरपणा, असा तो सगळा मामला. म्युझिकलच्या सुरुवातीला जी तालीम चालू असते ती पण बघा, हॅनिबल नावाच्या खोट्या ऑपेराची, त्यात लाकडी हत्ती, साखळदंडातल्या गुलाम पोरी नाचतायत आणि चाबूकवाला. आता हे जुन्या भपकेबाज ऑपेराची टिंगल म्हणून ठेवलंय हे खरं, हत्तीच्या आत बसलेले कामगार पण दाखवतात, हसू येतं. पण टिंगल कशाची चाललीय आणि सजावट कशाची, ही रेघ त्या दहा मिनिटांत मला तरी नीट सापडली नाही. २०११ मध्ये तो चाबूकवाला सर्गेई पोलूनिन नाचलाय, तो इतका भारी नाचतो की तुम्ही विचार करायचंच सोडून देता, हा पण एक प्रॉब्लेमच.

आता दादाच्या मुद्द्याकडं येते. पॅरिसमध्ये त्या काळात कृष्णवर्णीय माणसं कुठून येणार? अरे अलेक्झांडर द्यूमा, तुझा तो थ्री मस्केटिअर्स लिहिणारा, त्याची आजी हैतीमधली गुलाम बाई होती आणि तो १८७० ला वारला, आयुष्यभर पॅरिस गाजवून. तेव्हा माणसं होती. दिसायची पण. आणि समजा नसती, तरी जिथं तळघरात तळं आहे आणि तळ्यातून पेटलेल्या मेणबत्त्या वर येतात तिथं तुला क्रिस्टीनचा रंगच तेवढा खोटा वाटतो?

बरं आपण काय बघत आलो ते आठव. जळगावचं आपलं खुलं नाट्यगृह कोणाच्या नावानं आहे? बालगंधर्वांच्या. नारायण श्रीपाद राजहंस, लहानपणी जळगावात राहिलेत, इथंच मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकलेत. १९११ च्या मानापमानात भामिनी, १९१६ च्या स्वयंवरात रुक्मिणी, १९१९ च्या एकच प्यालात सिंधू. पुरुष. नऊवारीत. बायका त्यांची साडी नेसायची पद्धत उचलायच्या, पदर कसा घेतला ते घरी जाऊन आरशासमोर करून बघायच्या. पुढं वय झालं, अंग सुटलं, तरी ते तरुण नायिका करायचेच आणि लोक डोळे पुसत घरी जायचे. कोणी म्हणालं का की काळाशी प्रामाणिक राहा? पुरुषाला बाई म्हणून पन्नास वर्षं मान्य केलेल्या लोकांनी काळ्या मुलीला स्वीडिश म्हणून मान्य करायला त्रास का व्हावा, हे मला खरंच समजून घ्यायचंय. डोळ्यांना सवय लावली की लागते, एवढंच असतं ते. फक्त सवय कोणाची लावायची हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. (आणि हो, त्याच काळात खऱ्या बायकांना स्टेजवर येऊ देत नव्हते, आणि ज्या तमाशाच्या फडावर नाचत होत्या त्यांची जात काढत होते, हे पण त्याच फोटोत धर. बालगंधर्व माझे पण देवच आहेत पण फोटो पूर्ण बघायचा.)

तिकडं सवय लावायला किती वेळ लागला बघ. लॉस एंजेलिसला १९९० मध्ये रॉबर्ट गियोमनं फँटम केला, पहिला कृष्णवर्णीय फँटम. पण ब्रॉडवेवर नॉर्म लुईस आला २०१४ ला, म्हणजे नाटक सुरू होऊन २६ वर्षांनी. अली इवोल्ट, आशियाई वंशाची अमेरिकन मुलगी, २०१६ ला क्रिस्टीन झाली. कृष्णवर्णीय क्रिस्टीन ब्रॉडवेवर आली २०२१ ला, एमिली कुआचू, आणि लंडनला त्याच वर्षी ल्यूसी सेंट लुईस. म्हणजे न्यूयॉर्कचं नाटक बंद पडायला दीड वर्ष उरलं तेव्हा. एक गोष्ट लक्षात घे, मुखवट्याचा रोल आधी मिळाला, ज्या पात्राचा चेहरा बघून दोन पुरुष वेडे होतात तो रोल शेवटी. लपवायचा चेहरा कोणाचाही चालतो, सुंदर म्हणून दाखवायचा चेहरा मात्र तीस-तीस वर्षं ठरलेला. २०११ च्या त्या शेवटच्या समारंभात जे चार पाहुणे फँटम गातात ते आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, स्वीडन आणि वेल्सचे, चार देश पण रंग एकच, करीमलू त्यांच्यात पाचवा. गियोम त्या स्टेजवर नव्हता.

तिकडच्यांना नावं ठेवणं सोपंय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, चोपड्याकडची, आवाज असा की माईक लागायचा नाही, पाठांतर पक्कं, डोळ्यात पाणी आण म्हटलं की आणायची. पण बोलताना ळ चा य व्हायचा. शाया, केयं, डोया. आमच्या पट्ट्यात निम्मी दुनिया असंच बोलते. तर तालमीला बाहेरून आलेल्या दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी तिला मोलकरणीचं काम दिलं, आणि वर सांगितलं की तू अशीच बोल, लाफ्टर येईल. आला लाफ्टर. बक्षीस पण आलं तिला, विनोदी अभिनयाचं. नायिका केली तिनं नव्हे, जिचा अर्धा पार्ट ऐकू यायचा नाही पण ळ स्वच्छ होता तिनं. अहिराणी काय, लेवा बोली काय, मराठी सीरियलमध्ये आमची भाषा आली की समजायचं आता कोणीतरी पाणी घेऊन येणार किंवा पडणार. प्रेम शुद्ध मराठीत करायचं असतं आणि धडपडायचं खान्देशीत. त्या मुलीनं नंतर नाटक सोडलं, आता शाळेत शिकवते, आणि तिच्या वर्गातली पोरं गॅदरिंगला सगळे रोल आपापल्या बोलीत करतात असं ऐकलंय, राजा पण अहिराणी बोलतो.

तर रंग, बोली, हे सगळं झालं. पण माझं खरं भांडण वेगळंय आणि ते दादाशी नाहीये, नाटकाशीच आहे.

मोठी मायचं मत सांगते म्हटलं होतं ना. पहिल्या अंकात फँटम क्रिस्टीनला होडीत बसवून तळ्यावरून नेतो, धूर, मेणबत्त्या, ते गाणं, आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघतोय आणि ही म्हणते, "माय वं, पोरले कठे लई चालना हाऊ?" तिला इंग्रजी शून्य. तिला फक्त दिसत होतं ते असं की एक वयानं मोठा माणूस भारल्यासारख्या झालेल्या पोरीचा हात धरून तिला अंधारात नेतोय. मुखवटा निघाला तेव्हा हळहळली, तोंड बळेल शे बिचारानं, म्हणाली, म्हणजे तिला ते जळलेलं वाटलं. आणि शेवटी तो फास वगैरे सुरू झाल्यावर तिनं निकाल दिला, "तोंडनं काय नही, डोकामा किडा शे त्याना." आणि त्याच प्रवेशात क्रिस्टीन जवळजवळ हेच गाते, की तुझ्या चेहऱ्याची मला आता भीती नाही, खरा विद्रूपपणा तुझ्या आत्म्यात आहे. मोठी माय एक मिनिट आधी पोचली होती.

पण नाटक स्वतःच तिथं ठाम उभं राहत नाही. ते तुम्हाला दोन्हीकडून जेवू घालतं. चेहरा बघा म्हणून घाबरवतं, मग चेहऱ्यामुळं आईनं सुद्धा टाकला म्हणून रडवतं, मग चेहरा महत्त्वाचा नाही म्हणून शिकवतं, आणि तोपर्यंत त्यानं दोन माणसं मारलीत हे आपण विसरलेले असतो. ज्या लोकांच्या चेहऱ्यावर खरोखर व्रण आहेत त्यांनी यावर काही म्हणायचं की नाही? ब्रिटनमध्ये चेंजिंग फेसेस म्हणून संस्था आहे, त्यांनी २०१८ मध्ये मोहीमच काढली की आम्ही तुमचे खलनायक नाही, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं तेव्हा सांगून टाकलं की चेहऱ्यावरचे व्रण म्हणजे दुष्टपणा असं दाखवणाऱ्या सिनेमांना आम्ही पैसा देणार नाही. म्हणजे फँटम कोणत्या देशाचा, कोणत्या रंगाचा यावर तीस वर्षं चर्चा झाली, पण तसा चेहरा असलेला एखादा नट तिथं उभा करावा हा विषय कधी मोठ्यानं निघालेला माझ्या ऐकण्यात नाही. तो चेहरा रबराचाच असतो, रोज रात्री लावायचा आणि धुवायचा.

आणि आपल्याकडं हे सगळं उलटं आहे, हेच मला तेव्हा झोपू देईना. तो प्रयोग यूट्यूबवर आला त्याच्या दोन-अडीच महिने आधी, २०२० च्या फेब्रुवारीत, हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला सकाळी कॉलेजला जाताना रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्यानं ती गेली. मारणारा तिच्या ओळखीचा, मागे लागलेला, लग्न झालेला माणूस. त्याच्या चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. आपल्या पेपरातल्या असल्या बातम्या काढा, ह्याचा चेहरा कायम धड असतो, केस नीट, पासपोर्ट साईज फोटो. चेहरा जातो तो तिचा. आपल्याकडं विद्रूप चेहरा ही वेड्या प्रेमाची सुरुवात नसते, तो त्याचा परिणाम असतो. २०१३ ला कायदा बदलला तेव्हा अॅसिड हल्ला आणि पाठलाग हे वेगवेगळे गुन्हे म्हणून लिहिले गेले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात अॅसिड हल्ल्यातून वाचलेली माणसं पण आहेत. सरकारला यादीत घालावं लागतं इतक्या त्या आहेत. आता अशा एखादीला तुम्ही प्रेक्षकात बसवा आणि स्टेजवर बघा, मागे लागणाऱ्याचा चेहरा विद्रूप, त्याच्यावर करुण व्हायोलिन, आणि तिच्यासारखा चेहरा पडद्यावर आला की लोक किंचाळतात. तिनं कोणाच्या बाजूनं रडायचं?

लंडनमध्ये बसून हे सुचणार नाही, त्यांचा दोष म्हणून नाही म्हणत, पण मला इथं जळगावात बसून हे सुचल्याशिवाय राहत नाही.

गाणी कोणाला दिलीत ते पण बघा. सगळ्यात गोड, सगळ्यात मोठं, लोक घरी जाताना गुणगुणतात ते गाणं फँटमचं. तो जे करतो त्याला सुरांत पाठलागच म्हणायचं, पण सूर इतके उत्तम आहेत की आपण माफ करतो. राऊल बिचारा सरळ आहे, म्हणून बोअर. क्रिस्टीनला वडिलांच्या कबरीपाशी एक स्वतःचं गाणं आहे, सिएरा बॉगेसनं २०११ मध्ये ते असं गायलंय की तेवढ्यापुरती ती दोन पुरुषांच्या मधली वस्तू राहत नाही, ती एक गायिका वाटते जिला रियाज करायचाय आणि कोणी करू देत नाहीये. बॉगेसचं मला हेच आवडतं, शेवटच्या प्रवेशात ती घाबरलेली कमी आणि संतापलेली जास्त आहे. लिहिलेल्या पात्रापेक्षा नटीनं जास्त मोठं केलंय.

आणि कार्लोटा! कार्लोटावर मला एक वेगळीच पोस्ट लिहायचीय. थिएटरची मुख्य गायिका, वयानं मोठी, अंगानं भरलेली, इटालियन, म्हणून तिचे उच्चार मोठमोठ्यानं. तिची चूक काय तर ती आपलं काम सोडायला तयार नाही. तिच्या अंगावर पडदा पाडतात, आवाज बेडकासारखा करून टाकतात, तिच्या नवऱ्याला म्हणा जोडीदाराला म्हणा गळा आवळून मारतात, आणि तिच्यावर हसायचं असतं. वेंडी फर्ग्युसननं ती मनापासून केलीय, उंच सूर लावते तेव्हा कळतं की ही बाई खरोखर गाणारी आहे, जोकर नाही. तरी प्रेक्षक हसतातच कारण नाटकानं सांगून ठेवलंय की इथं हसा. आमची चोपड्याची मैत्रीण मला कार्लोटात दिसते, जास्त काय बोलू. परक्या उच्चारांची बाई आली की हशा, ही अक्कल जळगावची न लंडनची एकच निघाली.

मग नाटक बघायचं की नाही? बघायचं ना, बाई. मी परत बघते. मारिया ब्योर्नसननं मूळ नाटकाला दिलेले कपडे आणि हॅरोल्ड प्रिन्सनं बसवलेल्या जागा अजून त्या प्रयोगात ओळखू येतात, ऑर्केस्ट्रा स्टेजच्या मागं वरती बसवलाय तो दिसतो, पहिला तो ऑर्गनचा सूर लागला की माझ्या हातावर काटा येतो आणि माझं वरचं सगळं भाषण कुठं जातं मला कळत नाही. काटा येणं आणि राग येणं एकाच अंगात मावतं.

दादाला सध्या एकच वेड लागलंय की पुढच्या वर्षी स्पर्धेला असलंच काहीतरी मुखवट्याचं करू, आपल्या मातीतलं. मी म्हटलं कर. साक्रीच्या पश्चिमेकडं कोकणा आदिवासींचा भोवाडा जाऊन बघ आधी, रात्रभर चालतो, एकेक मुखवटा नाचत येतो, गणपती, सरस्वती, रावण, आणि त्या मुखवट्यामागचा माणूस दिवसा शेतात राबणारा असतो पण त्या रात्री लोक त्याच्या पाया पडतात. तिथं मुखवटा लाज लपवायला घालत नाहीत. त्या लोकांना विचारून कर, त्यांच्यातली पोरं घेऊन कर, नुसते मुखवटे उचलून आणू नको. नायिकेला ळ येत नसेल तर येऊ देऊ नको. मागे लागणाऱ्याचा चेहरा एकदम स्वच्छ ठेव, भांग पाडलेला, गावात चार लोक ज्याला चांगला पोरगा म्हणतात तसा, आणि चांगलं गाणं त्याला अजिबात देऊ नको, त्याच्या वाट्याला बेसूर हार्मोनियम दे. आणि तो दारोगा परत आण. लाईट तूच करणार असशील तर दारोगाचं काम मी करायला तयार आहे, मिशी माझी मी लावीन.